ग्रेट झिम्बाब्वे: चुना नाही, बुरूज नाही, तरी अकरा मीटर भिंत

दगडोबा
मंडळी, नोकरीच्या निमित्ताने सध्या मुक्काम झिम्बाब्वेत, हरारेला आहे. इथल्या ओळखीच्या भारतीयांना विचारलं की "ग्रेट झिम्बाब्वे पाहिलंत का?" तर उत्तर ठरलेलं: व्हिक्टोरिया फॉल्स झाला, ते राहिलं. एकाने तर "तिथे काय, नुसते दगड" म्हणून विषयच संपवला. ज्या दगडांवरून एका देशाने १९८० साली आपलं नाव घेतलं आणि ज्यांच्यातला पक्षी झेंड्यावर बसवला, ते "नुसते दगड". म्हणून हा धागा.

जागा मस्विंगो गावापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. हरारेहून मस्विंगो तीनशेच्या आसपास. साधारण ११व्या ते १५व्या शतकापर्यंत शोना लोकांच्या पूर्वजांची ही राजधानी. पसारा ७२२ हेक्टरचा, त्यामुळे तासाभरात उरकून फॉल्सच्या वाटेला लागू असा बेत असेल तर येऊच नका. ढोबळ तीन भाग आहेत: डोंगरावरचे अवशेष, खाली सपाटीवरचं मोठं आवार, आणि दोघांच्या मध्ये खोऱ्यात विखुरलेले वाडे. फोटोंत दिसतं ते बहुतेक मोठं आवारच. बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर, उंची ११ मीटरपर्यंत, जाडी काही ठिकाणी ५ मीटर. चुना, माती, शिसं, काहीही न वापरता नुसता दगडावर दगड.

लांबून भिंत एकसंध दिसते. नाक लावून पाहिलं की मजा कळते. ग्रॅनाइटचा एकेक तुकडा आपल्या विटेपेक्षा थोडा मोठा, लांबी प्रत्येकाची वेगळी, पण एका थरातल्या दगडांची जाडी सारखी. त्यामुळे थर वहीतल्या रेघांसारखे आडवे पळतात आणि वळणावरही तुटत नाहीत. वर जाताना भिंत किंचित आत कलते. कोपरा म्हणून कुठे नाहीच, सगळं गोलाईत. दगडांवर राखाडी आणि नारिंगी दगडफूल धरलंय. आग्नेयेकडे अगदी माथ्याजवळ नागमोडी नक्षीचा दुहेरी पट्टा आहे आणि तो मध्येच थांबतो. का थांबतो यावर गाइडने मला तीन उत्तरं दिली, तिन्ही तितक्याच खात्रीने.

आत शिरल्यावर बाहेरची भिंत आणि आतली भिंत यांच्यामधून एक बोळ जातो. खांदे दोन्हीकडे घासतील इतका अरुंद, वर फक्त आकाशाची पट्टी. बोळ संपतो तिथे तो प्रसिद्ध शंकूसारखा मनोरा, दहाएक मीटर उंच. आतून भरीव. खजिना असेल म्हणून लोकांनी तोही पोखरून पाहिला, आत दगडच निघाले.

आता माझं म्हणणं. इथे सगळे भिंती बघतात आणि परत जातात. पण लोक भिंतींत राहत नव्हते. राहायची घरं मातीची होती, गुळगुळीत लिंपलेली, गोल, गवताने शाकारलेली. त्या लिंपणाच्या मातीला इथे 'धाका' म्हणतात. भिंती म्हणजे या घरांभोवतीचा आडोसा, एका घराला दुसऱ्यापासून वेगळं करणारा. घरं गेली, भिंती राहिल्या, आणि आपण कुंपण बघून गावाची कल्पना करतो. घरं का गेली ते वेगळं प्रकरण आहे, कुणी विचारलं तर लिहितो.

रानजाई
वाखूसा (वाचनखूण साठवली)! भिंतीचं वर्णन आवडलं. फोटो कुठायत?

दगडोबा
फोटो चढवायला गेलो की साइट ढेपाळते. दुसऱ्या धाग्यात डकवतो.

शंकेखोर
वर्णन छान, पण एक पटत नाही. ११ मीटर उंच आणि ५ मीटर जाड भिंत 'आडोसा' म्हणून कोण बांधतं? किल्लाच असणार. शिवाय लहानपणी वाचलं होतं की हे अरबांनी किंवा फिनिशियनांनी (भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन व्यापारी) बांधलं. त्याचं काय झालं?

गडकरी_नव्हे
किल्ला असता तर निदान दरवाजा तरी असता राव. दगडोबा, जंग्या (मारा करायला तटात ठेवलेली भोकं) आहेत का? पाण्याचं टाकं? चोरवाट? वर उभं राहून मारा करायला फांजी?

दगडोबा
@गडकरी_नव्हे: जंग्या नाहीत, फांजी नाही, बुरूज नाहीत. मोठ्या आवाराला आत जायच्या वाटा सरळ उघड्या, बंद करायला दार नाही. एके काळी त्यांवर लाकडी तुळया होत्या एवढंच. शिवाय आवार सपाटीवर, समोरच्या डोंगरावरून अख्खं दिसणारं. लढाईसाठी कुणी असं बांधणार नाही. भिंत 'आम्ही कोण आहोत' हे दाखवायला आणि आतलं बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. पाण्याचं म्हणाल तर आवाराबाहेर मोठमोठे खड्डे आहेत. घरांसाठी माती काढल्याचे खड्डे असं आधी समजत. पुरातत्त्वज्ञ इनोसंट पिकिरायी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलं की त्यांत पाणी साठवत असत. म्हणजे टाकी आहेत, फक्त आपल्या ओळखीच्या रूपात नाहीत.

@शंकेखोर: तुम्ही वाचलं ते चूक तुमची नाही, ते मुद्दाम लिहिलेलं होतं. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन इथे पोचला. दाराच्या तुळईची ढलपी काढून त्याने हुंगली. वास आणि रंग आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हेही देवदार, म्हणजे लेबनॉनहून आलं, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा महाल. एवढी साखळी एका ढलपीवर! ते लाकूड इथल्याच रानातलं होतं.

नंतर सेसिल रोड्स या ब्रिटिश उद्योगपतीच्या कंपनीने देश बळकावला आणि ही कथा फार सोयीची झाली. गोरे लोक पूर्वीही इथे होते असं ठरलं की आज जमीन घेणं म्हणजे 'परत येणं'. १८९५ मध्ये तर एका कंपनीला झांबेझी नदीच्या दक्षिणेकडचे भग्नावशेष सोन्यासाठी खणायचा परवानाच मिळाला, ग्रेट झिम्बाब्वे तेवढं वगळून. थडग्यांतले दागिने काढून वितळवले.

मग १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराला ग्रेट झिम्बाब्वेवर रखवालदार म्हणून नेमलं. काम जपणुकीचं. त्याने मात्र आतली माती उपसून बाहेर टाकली, कुठे कुठे माणूसभर उंचीचा थर. त्याच्या मते तो 'नंतर आलेल्या' काळ्या लोकांचा कचरा होता आणि त्याखाली खरे बांधणारे सापडणार होते. घरांच्या जमिनी, चुली, भांडी, सगळं त्या 'कचऱ्यात' गेलं. दोन वर्षांत त्याला काढलं, पण तोवर काम झालं होतं. वर म्हणालो ना, घरं का गेली ते वेगळं प्रकरण आहे, ते हे. पडकी भिंत परत रचता येते.

मीनल_ह
पुरातत्त्व शिकलेली असल्याने राहवलं नाही. हॉलचं नाव आम्हाला वर्गात 'असं करू नये' याचा नमुना म्हणून सांगत. थर क्रमाने असतील तर वस्तू किती जुनी हे तिच्या जागेवरून कळतं. थर उपसला की वस्तू हातात राहते, काळ जातो.

हॉलच्या जाण्यानंतर लगेचच, १९०५ मध्ये, डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने खोदून सांगितलं की हे सगळं आफ्रिकनच आणि मध्ययुगीन. तिथल्या गोऱ्यांनी थयथयाट केला. मग १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आल्या. सोबत दोघी तरुणी, त्यातली एक कॅथलीन केन्यन, जी पुढे जेरिकोच्या उत्खननाने जगप्रसिद्ध झाली. संपूर्ण बायकांची तुकडी, १९२९ मध्ये! त्यांनी मुद्दाम न उपसलेली जागा शोधली आणि भिंतीच्या खालचा थर तपासला. भिंतीखालीच स्थानिक खापरं आणि बाहेरून आलेले मणी असतील तर भिंत त्यानंतरची, इतकं साधं तर्कशास्त्र. निष्कर्ष तोच: बांधणारे इथलेच.

त्यानंतरही ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला हे पचलं नाही. पीटर गार्लेक तिथे स्मारकांचे निरीक्षक होते, ते हेच लिहीत-बोलत राहिले. दबाव इतका आला की १९७० मध्ये देश सोडावा लागला. दगड कोणी रचले एवढं सांगितल्याबद्दल!

शंकेखोर
माहितीबद्दल धन्यवाद मीनलताई. अरबांचा मुद्दा सोडतो. पण अरब मालाचे अवशेष सापडले हे तर खरं ना? नुसत्या गुरं राखणाऱ्यांना एवढं परवडलं कसं?

मीनल_ह
सापडले, आणि तिथेच गंमत आहे. खोऱ्यातल्या एका वाड्यात हॉललाच एक साठा मिळाला: चिनी हिरव्या झिलईची भांडी, इराणी वाडगा, काच, कवड्या, लोखंडी कुदळी आणि हजारो मणी. पुढे किल्व्याच्या सुलतानाचं, अल-हसन इब्न सुलेमानचं १४व्या शतकातलं नाणंही मिळालं. किल्वा म्हणजे आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरचं बेट. सोनं पठारावरून आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरात, तिथून किल्व्याला, तिथून अरबी समुद्रात. ताजमहालात इटालियन वस्तू मिळाली म्हणून तो इटालियनांनी बांधला असं होत नाही. आयात माल हा खरेदीदाराच्या ऐपतीचा पुरावा असतो.

आणि गुरांना 'नुसती' म्हणू नका. डोंगराच्या पायथ्याच्या उकिरड्यात गुरांचीच हाडं जास्त, त्यातही कोवळ्या जनावरांची. ज्याला वाढतं जनावर कापून खाणं परवडतं तो साधा गुराखी नव्हे. गुरं ही बँक, सोनं हा परदेशी व्यापार.

आता आपल्या घरचं. तिथले काचेचे मणी बरेचसे भारतातून गेलेले. रायगड जिल्ह्यातल्या चौलला उत्खननात जे मणी मिळाले, त्यांच्या काचेचं रासायनिक विश्लेषण केनियाच्या किनाऱ्यावरच्या मण्यांशी ताडून पाहिलं गेलं, आणि त्यातल्या एका जातीची काच जुळली. हे केनियाबद्दल आहे, ग्रेट झिम्बाब्वेबद्दल थेट नाही, म्हणून उगाच 'चौलचे मणी शोना राजाच्या गळ्यात' असे फॉरवर्ड बनवू नका. पण मालाची ये-जा त्याच समुद्रावर होती.

माडाचीवाडी
मी गोव्याचा. सोफाल्याचं नाव वाचून लिहायलाच आलो. पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये सोफाला घेतलं आणि पुढे १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. म्हणजे त्या सोन्याच्या हिशेबाच्या चोपड्या मांडवीच्या काठी यायच्या. खंबायतचं कापड आणि मणी देऊन सोफाल्यात सोनं घ्यायचे, हे बार्बोसा या पोर्तुगीजाने १६व्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय.

पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुशने १५५२ मध्ये आपल्या इतिहासात आतल्या मुलखातल्या दगडी वास्तूचं वर्णन दिलंय: मोठे दगड आणि सांध्यात चुना नाही. स्वतः तिथे गेला नव्हता, ऐकीव माहिती. तरी 'चुना नाही' ही खूण बरोबर पोचली. तोवर राजधानी मात्र उठून गेली होती.

गडकरी_नव्हे
चुना नाही म्हणजे हेमाडपंतीच की! काळही जमतो. हेमाद्री यादवांच्या दरबारात १३व्या शतकात, इकडे भिंतही तेव्हाच चढत असणार.

दगडोबा
काळ जमतो, पद्धत नाही. आपल्याकडे त्या मंदिरांत दगड घडवून, खाच आणि कुसू जुळवून एकमेकांत अडकवलेले असतात. इथे अडकवणं नाहीच. दोन बाजूंचे दर्शनी दगड नीट रचायचे, मध्ये भर घालायची, आणि सगळं वजनावर उभं. आपला बेसाल्ट छिन्नीने घडवावा लागतो. इथला ग्रॅनाइट घुमटासारख्या टेकड्यांचा, दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारठ्याने आपोआप पाती सुटणारा. वरून जाळ करून पाणी ओतलं की सुटणं लवकर. पात ठरावीक जाडीची निघते, मग घणाने आडवी फोडायची. एका थराची जाडी सारखी का, याचं उत्तर खाणीतच आहे. एकट्या मोठ्या आवारात जवळपास दहा लाख दगड असतील असा अंदाज सांगतात.

शिवाय सगळ्या भिंती एकसारख्या नाहीत. डोंगरावर काही ठिकाणी थर वेडेवाकडे, नैसर्गिक प्रचंड शिळा तशाच ठेवून त्यांच्यामध्ये भिंत भरलेली. मला तर खालच्या देखण्या भिंतीपेक्षा ही जास्त आवडली. शिळा हलवता येत नाही तर तिलाच भिंत करा, हा शहाणपणा.

रानजाई
पक्ष्यांबद्दल लिहा ना. झेंड्यावरचा तोच का?

दगडोबा
तोच. मऊ, साबणासारख्या लागणाऱ्या शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेले एकूण आठ पक्षी, उंच खांबांवर बसवलेले. बरेचसे डोंगरावरच्या पूर्वेकडच्या आवारात मिळाले. नीट बघा, चोचीच्या जागी काहींना ओठ आहेत आणि पायाला माणसासारखी बोटं. एका खांबावर खालून मगर चढतेय. गरुड म्हणावा तर कुठला, यावर इथेही वाद आहेत. राजघराण्याचे पूर्वज आणि आकाशातला देव यांच्यातला निरोप्या, असा एक अर्थ लावतात.

१८८९ मध्ये विली पोसेल्ट नावाच्या शिकाऱ्याने स्थानिकांना घोंगड्या वगैरे देऊन एक पक्षी खांबावरून तोडून नेला आणि रोड्सला विकला. रोड्सने तो केप टाउनच्या बंगल्यात ठेवला, वर जिन्याच्या कठड्यावर त्याच्या लाकडी नकला बसवल्या. आणखी काही दक्षिण आफ्रिकेच्या संग्रहालयात गेले, ते १९८१ मध्ये परत मिळाले. कशाच्या बदल्यात? मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांच्या संग्रहाच्या! एका पक्ष्याच्या खांबाचा खालचा भाग बर्लिनला पोचला होता, तो या शतकाच्या सुरुवातीला परत आला. तिथल्या छोट्या संग्रहालयात पक्षी जवळून पाहता येतात. आधी ते बघा, मग डोंगर चढा. वर गेल्यावर रिकाम्या जागा भरता येतात.

शंकेखोर
शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. वीस हजार वस्ती वगैरे आकडे दिसतात. खरंच 'शहर' होतं की राजाचा मोठा वाडा?

मीनल_ह
गप्प बसू नका, प्रश्न बरोबर आहे. पूर्वी अठरा-वीस हजार म्हणत. शाड्रेक चिरिकुरे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हिशेब पुन्हा मांडला, तो दहा हजारांच्या आत येतो. मुद्दा असा की सगळे भाग एकाच वेळी गजबजलेले होते हे गृहीतच धरलं होतं. डोंगरावर राजा, खाली राण्या, अशी नीटनेटकी विभागणी गाइड अजून सांगतात. पिकिरायी आणि चिरिकुरे २००८ पासून म्हणतायत की नवा राजा आपल्याच वाड्यातून राज्य करायचा, म्हणून सत्ता एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत गेली. शोनांच्या वारशाच्या रीतीशी हे जुळतं, मला जास्त पटतं.

आणि राजधानी म्हणून हे पहिलंही नाही. दक्षिणेला लिंपोपोकाठी मापुंगुब्वे त्याआधीचं, सोन्याच्या पत्र्याचा गेंडा मिळाला ते. १५व्या शतकात इथली सत्ता ओसरली तेव्हा पश्चिमेला खामी आणि उत्तरेला मुतापा पुढे आले. लोक नाहीसे झाले नाहीत, राजधानी हलली.

दगडोबा
त्याला जोडून: आजूबाजूला नेमान्वा, मुगाबे, चारुंबिरा ही घराणी आहेत (हे मुगाबे म्हणजे ते राष्ट्राध्यक्ष नव्हेत) आणि ही जागा कोणाची, पूजेचा मान कोणाचा यावर त्यांच्यात जुना वाद आहे. संरक्षित स्थळ झाल्यावर कुंपण आलं, तिकीट आलं, आणि त्यांना आपल्याच पूर्वजांकडे जायला परवानगी घ्यावी लागायला लागली. युनेस्कोच्या यादीत १९८६ मध्ये नाव गेलं याचा आनंद आहेच, पण मस्विंगोत बोलताना ही कुरबूर ऐकू येते.

दुसरं दुखणं ओळखीचं. घाणेरी! आपल्या गडांवर तटात घुसते तीच, अमेरिकेतून जगभर पसरलेली. इथेही खोऱ्यातल्या भिंती तिने गिळल्यात. मुळं सांध्यात शिरतात आणि चुना नसल्यामुळे दगड नुसता सरकतो. गावातल्या लोकांना रोजगार देऊन ती काढायचं काम चालतं. नुसती छाटली की दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते.

गडकरी_नव्हे
घाणेरी उपटायला आमच्या गटाला बोलवा. श्रमदानाचा दांडगा अनुभव आहे, फक्त विमानाचं तिकीट तुम्ही काढा.

सुपारीफुटी
जुलैत लुसाकाहून (झांबिया) आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघं सत्तरीची, बाबांचा गुडघा दुखतो, आई शुद्ध शाकाहारी. जमेल का?

दगडोबा
जमेल. जुलै उत्तम, पाऊस नाही. पहाटे मात्र गारठा असतो, स्वेटर हवाच. आग्नेयेकडून दमट वारा आला तर 'गुती' म्हणतात ती भुरभुर दिवसभर चालते आणि दगड निसरडे होतात. तसं असेल तर त्या दिवशी डोंगर सोडा.

मोठं आवार आणि संग्रहालय सपाटीवर, बाबा आरामात बघतील. डोंगर साधारण ८० मीटरचा. 'प्राचीन वाट' शिळांच्या फटींतून जाते, एका वेळी एकच माणूस, पायऱ्या उंच. 'आधुनिक वाट' सौम्य आहे. बाबांना न्यायचंच असेल तर हिने चढा आणि हिनेच उतरा. मधल्या बोळात एखादं खोडकर मूल मागून ढकलत असतं, तेवढं सांभाळा.

खाणं: साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सगळीकडे मिळतो. सोबत पालेभाजी मागा आणि 'उने दोवी' म्हणा, म्हणजे दाण्याचं लोणी घातलेली. आईंना आवडेल. मात्र आधीच सांगा की मांसाचा रस्सा वरून नको, नाहीतर प्रेमाने ओततात.

पैसे: अमेरिकन डॉलर चालतात, २०२४ पासून झिग हे स्थानिक चलनही आहे. एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा. वीसची नोट दिली की सुटे नाहीत म्हणून चॉकलेट हातात पडतं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. रात्री चालवू नका, गुरं रस्त्यावर बसतात. आई-बाबा भारतात परतताना इथिओपिया किंवा केनियामार्गे जाणार असतील तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड सोबत हवं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी.

वेळ असेल तर परतीच्या वाटेवर बुलावायो गाठा, तिथून खामी जवळ आहे. तिथल्या भिंतींवर नक्षीच नक्षी आहे. लुसाकाला जाताना वाट फॉल्सवरूनच जाते, म्हणजे तेही होईल.

सुपारीफुटी
आभार! 'उने दोवी' आत्ताच लिहून घेतलं. व्हिसाचं बघते आणि विचारते.